पोट आधी बोलतं

शिरढोण म्हटलं की लोकांना वासुदेव बळवंत फडके आठवतात. आमच्या घरात मात्र सध्या गावाची आठवण निघते ती भातावरून!

ताईची लेक गावी असेपर्यंत ठणठणीत होती. दोन्ही वेळा भात, नाहीतर तांदळाची भाकरी. गहू पोटात जायचा तो चहाबरोबरच्या बटरपुरता. भावोजींची बदली इंदूरला झाली, ताटात पोळ्या आल्या आणि पोट फुगणं, जुलाब, वजन घटणं सुरू झालं. जंत झाले, पाणी बाधलं, दृष्ट लागली... सगळं म्हणून झालं. दोन वर्षांनी निदान झालं, सिलिअ‍ॅक.

दुखतं पोट, पण दोष प्रतिकारशक्तीचा. गव्हातल्या, जवातल्या ग्लुटेनमुळे ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते.

मग मी याचा इतिहास वाचत बसले. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या आजाराचं नेमकं वर्णन छापलं. उपाय आहारातच आहे, हेही ओळखलं. पण गंमत बघा, त्यांनी भात वर्ज्य केला आणि भाजलेला पाव चालेल म्हणून सांगितलं!

गव्हावर बोट ठेवलं ते हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना संशय आधीपासून होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. माणसं उपासमारीने मरत होती आणि ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला, तशी पुन्हा खालावली. १९५० साली डिकेंनी यावर प्रबंध लिहिला. प्रतिकारशक्ती आतड्यातल्या नेमक्या कुठल्या प्रथिनावर उलटते, हे कळायला मात्र १९९७ उजाडलं.

म्हणजे पोट कधीचं बोलत होतं, ते समजायला शंभर वर्षं लागली. प्रत्येक पोटदुखी म्हणजे असा आजार नव्हे, हे खरंच. पण जुलाब रेंगाळले, पोरगं अंगी लागेना, रक्त वाढेना, तर नुसतं जंताचं औषध देऊन थांबू नये.

आणि हो, सख्ख्या नात्यात हा आजार जास्त आढळतो. तेव्हा ताई, भावोजी, तुमची आणि धाकट्याची रक्तचाचणी करून घ्याच. तोवर त्याची पोळी मात्र बंद करू नका. गहू आधीच सोडला, तर चाचणीत आजार लपून राहू शकतो.