प्रजासत्ताक भारताच्या आरंभीच्या नाण्यांचा संग्रह (बीड जिल्हा)

स्वातंत्र्योत्तर भारतात प्रथम चलनात आलेल्या नाण्यांचा संग्रह हा नाणेसंग्रहाचा एक स्वतंत्र विभाग मानला जातो. बीड जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने येथील जुन्या घरांतील संचितात निजामाची, ब्रिटिश काळातील आणि प्रजासत्ताकाची अशी तिन्ही राजवटींची नाणी एकत्र आढळू शकतात.

पार्श्वभूमी

हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्यास ‘हाली शिक्का’, तर ब्रिटिश भारताच्या रुपयास ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा अधिकृत दर होता. हाली रुपयावर चारमिनारचे चित्र व हिजरी वर्ष असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाल्यानंतर १९५०च्या दशकात हाली चलन टप्प्याटप्प्याने रद्द झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीडसह मराठवाडा मुंबई राज्यात आला.

नाण्यांच्या मालिका

१९४७ नंतर सुमारे तीन वर्षे सहाव्या जॉर्जचे मुखचित्र असलेली जुनी नाणीच वापरात राहिली. १५ ऑगस्ट १९५० रोजी नवी मालिका आली व राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आले. आणे-पैची पद्धत मात्र कायम राहिली.

* पैसा : घोडा
* अर्धा आणा, आणा व दोन आणे (चवली) : बैल
* पावली, अधेली व रुपया : धान्याच्या ओंब्या

आण्याच्या नाण्याची कड नागमोडी, तर अर्धा आणा व चवली चौकोनी असल्याने ही नाणी स्पर्शानेही ओळखता येत.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती लागू झाली. ६४ पैशांचा रुपया १०० ‘नया पैशां’चा झाला. पावलीचे २५ व अधेलीचे ५० नये पैसे सरळ होत. एका आण्याचे मात्र सव्वासहा होत असल्याने किरकोळ व्यवहारात हिशेबाची अडचण येई. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द वगळण्यात आला.

संग्रह व जतन

नाण्यावरील वर्षाखालील खुणेवरून टांकसाळ ओळखतात. हिऱ्याच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते.

चिंच, राख किंवा पावडर लावून नाणी घासू नयेत. त्यामुळे पृष्ठभाग झिजतो, अक्षरे पुसट होतात आणि संग्रहमूल्य घटते. नाणी कोरड्या जागी, शक्यतो वेगवेगळ्या पाकिटांत ठेवावीत. नाणे कोणत्या गावी, कोणत्या घरात वा कोणत्या नाण्यांसोबत मिळाले, याची नोंद त्यासोबत ठेवणे आवश्यक आहे. चांदीची पुष्कळ जुनी नाणी दागिन्यांसाठी वितळवली गेली. त्यांच्यासोबत स्थानिक अर्थव्यवहाराचा पुरावाही नष्ट झाला. पैसा-आण्यासारखी विपुल नाणी बाजारात स्वस्त असली, तरी हाली नाण्यांसह एकाच डब्यात जपलेला संच सत्तांतराचा दस्तऐवज ठरतो.

कायदा व फसवणूक

जमिनीत सापडलेले धन भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळवून देण्याच्या आमिषाने आगाऊ शुल्क मागितले जाते. असे व्यवहार आपण करीत नाही व त्यासाठी कोणासही अधिकार दिलेला नाही, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

अभ्यासकेंद्रे

नाशिकजवळील अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था व नाणेसंग्रहालय आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे.