ढाल एक, हात अनेक



आठवडी बाजारात पोरांच्या बनियनवर, दप्तरावर एक गोल ढाल छापलेली दिसते. लाल-पांढरी वर्तुळं आणि मधे निळ्यावर पांढरी चांदणी. कुठल्याही पोराला विचारा, तो लगेच सांगेल, "कॅप्टन अमेरिकाची आहे." आज या ढालीचा इतिहास सांगते. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या चित्रकथेशी आपला काय संबंध? शेवटपर्यंत ऐका, मग तुम्हीच ठरवा.

१९४० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये दहा सेंटला एक रंगीत अंक विकायला आला. तो काढणारे दोघे तरुण होते, जो सायमन आणि जॅक कर्बी. दोघेही ज्यू घरातले, दोघांचेही वडील कपडे शिवण्याच्या धंद्यातले. गोष्ट अशी की, स्टीव्ह रॉजर्स नावाचा एक काटकुळा पोरगा सैन्यात भरती व्हायला जातो, पण अशक्त म्हणून त्याला परत पाठवतात. मग त्याच्यावर एका औषधाचा प्रयोग होतो आणि तो बलदंड होतो. पहिल्याच मुखपृष्ठावर तो हिटलरच्या थोबाडात ठोसा मारताना दाखवला होता. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. ती उतरली वर्षभरानं. अंक दहा लाखांच्या आसपास खपला, तशा धमक्याही आल्या. चित्रकारांच्या कचेरीबाहेर पोलीस ठेवावे लागले.

पण हिशेब चोख नव्हता. ठरलेला नफ्याचा वाटा मिळत नाही, असं म्हणत दोघांनी दहा अंकांनंतर ते काम सोडलं. पुढे कर्बी स्वतः सैनिक म्हणून युरोपात लढला आणि तिथल्या थंडीनं त्याचे पाय जायची वेळ आली होती.

युद्ध संपलं आणि कॅप्टनची गरजही संपली. खप घसरला, १९५० पर्यंत अंक बंद पडला. १९५३-५४ मध्ये त्याला पुन्हा उभं केलं, या वेळी कम्युनिस्टांना ठोकून काढणारा म्हणून. अमेरिकेत तेव्हा शेजारी शेजाऱ्याकडे संशयानं बघत होता. ते काही चाललं नाही. काही महिन्यांतच तोही प्रयोग गुंडाळला.

१९६४ मध्ये स्टॅन ली आणि त्याच कर्बीनं नवी गोष्ट रचली. कॅप्टन मेलेला नव्हता, युद्धाच्या शेवटी तो बर्फात गोठला होता. आता तो जागा होतो, तर जग वीस वर्षं पुढे गेलेलं आणि जवळची माणसं गेलेली. इथून त्याचं म्हातारपण सुरू झालं म्हणा ना. अंगानं तरुण, पण मनानं मागच्या पिढीचा. सासरी वीस वर्षं काढून माहेरी आलेल्या बाईला आपलंच गाव अनोळखी वाटावं, तसं त्याचं झालं.

मग एक अडचण आली. युद्धापासून हा बर्फात होता, तर १९५४ चा कॅप्टन कोण? १९७२ मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्टनं उत्तर दिलं: तो तोतया होता. तेच औषध घेतलेला, पण डोकं फिरलेला. काळ्या माणसांचा द्वेष करणारा, जिथे तिथे शत्रू पाहणारा. म्हणजे चित्रकथेनं आपलीच जुनी चूक झाकली नाही, ती गोष्टीत आणून सर्वांसमोर मांडली.

१९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी गोष्टीतल्या कॅप्टनला कळतं की देशाविरुद्धच्या कटाचा सूत्रधार थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासातच आहे. तो आपला पोशाख उतरवून ठेवतो आणि काही काळ 'नोमॅड', म्हणजे देश नसलेला भटक्या, म्हणून फिरतो. देशावर प्रेम करणं आणि सरकार म्हणेल त्याला मान डोलावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लाखो पोरांनी दहा-वीस पानांच्या अंकांतून वाचलं.

२००३ मध्ये त्याहून कडू गोष्ट आली. ते औषध आधी काळ्या सैनिकांवर वापरून पाहिलं होतं, अशी ती कथा. त्यातला आयझाया ब्रॅडली जगला, लढला आणि बक्षीस म्हणून तुरुंगात गेला. कॅप्टनला ही हकिगत सांगते आयझायाची बायको, फेथ. हे कल्पित असलं तरी मागे खरी घटना आहे. अमेरिकेत टस्कगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं शेकडो गरीब काळ्या पुरुषांना गरमीच्या रोगावर उपचार न देता नुसतं निरखत ठेवलं. औषध उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. त्यांच्या घरच्या बायकांनी काय सोसलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

शेवटी २०१४ मध्ये गोष्टीतल्या स्टीव्हच्या अंगातलं औषध निकामी होतं आणि तो एका झटक्यात नव्वदीचा म्हातारा होतो. केस पांढरे, पाठ वाकलेली. मग तो ढाल देतो सॅम विल्सनला. सॅम हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत समाजकार्य करणारा काळा माणूस, १९६९ पासून त्याचा सोबती. काही वाचकांना ते रुचलं नाही. पण स्टीव्ह गप्प घरी बसला नाही. सॅमच्या पाठीशी राहून सल्ला देत राहिला. २०१९ च्या सिनेमातही म्हाताऱ्या स्टीव्हनं सॅमच्याच हाती ढाल दिली.

आणि ज्यांनी ही ढाल काढली, त्यांचं काय? जो सायमन हक्कासाठी दोनदा कोर्टात गेला, दोन्ही वेळा तडजोड झाली. कर्बी १९९४ मध्ये वारला. त्याच्या मुलांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१४ उजाडलं. एकाच वर्षी गोष्टीतली ढाल पुढच्या हाती गेली आणि खऱ्या माणसाचा हिशेब मिटला.

मैत्रिणींनो, आता आपल्या गटाकडे वळा. दप्तर, पेटीची किल्ली, बँकेतली सही कितीतरी वर्षं एकाच ताईकडे असते. ताई चांगलीच असते, म्हणून कुणी विचारत नाही, आणि तिलाही वाटतं, माझ्यावाचून गट मोडेल. पुढच्या बैठकीत तिला प्रेमानं म्हणा, ताई, तुमच्या शेजारी कुणाला बसवून शिकवताय? आणि मागचं दप्तर उघडून बघा, ज्या बाईनं पापड लाटले, तिचं नाव त्यात लिहिलंय का.