महाडचा विंचू आणि संमतीचा प्रश्न

वैद्यकीय संशोधनाच्या नीतीवर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा शहरातल्या मोठ्या रुग्णालयांभोवती फिरते. मला या प्रश्नाचा इतिहास महाड-पोलादपूरच्या बाजूने वाचावासा वाटतो.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेला माणूस घामाने निथळे, हातपाय गार पडत, पुढे तोंडाला फेस येई आणि काही तासांत सारे संपे. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांची आरंभीची लक्षणे नोंदवली. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? प्रॅझोसिन ही तेव्हा रक्तदाबाची गोळी होती. विंचूदंशावर तिचा उपयोग सांगणारा, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला लेख 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला.

एका आजाराची गोळी दुसऱ्याच संकटात द्यायची, तर विचारायचे कोणाला? 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने, जीव वाचण्याची आशा असेल तर नवा उपाय करण्याची मोकळीक डॉक्टरला दिली होती. शक्य असेल तिथे रुग्णाची संमती घ्यावी, असेही म्हटले होते. आजच्यासारख्या नीतिसमित्या तालुक्याच्या गावी तेव्हा नव्हत्या. शिवाय धाप लागलेल्या माणसाला कसले विचारणार! नातलग हात जोडतात, ‘तुम्हीच काय ते बघा’ म्हणतात. हा विश्वास झाला. संमती म्हणायची तर नकाराची वाटही मोकळी हवी, आणि नकार दिल्यावरही उपचार मिळायला हवेत.

म्हणून मला 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली बावस्कर दांपत्याची चाचणी अधिक महत्त्वाची वाटते. एव्हाना प्रॅझोसिन ही नुसती आशा उरली नव्हती, तो रूढ उपचार झाला होता. महाडच्या रुग्णालयातील 70 रुग्णांपैकी प्रत्येकाला प्रॅझोसिन मिळाले. निम्म्यांना चिठ्ठी टाकावी तसे निवडून विंचवाचे प्रतिविषही दिले. दहा तासांनी, दोन्ही औषधे मिळालेल्या 35 पैकी 32 जण लक्षणमुक्त झाले होते, नुसते प्रॅझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. ज्यांचे नाव प्रॅझोसिनशी जोडले गेले होते, त्यांनीच ते एकटे अपुरे पडते असा आकडा छापला. कोणाला कोणते औषध चालू आहे हे उघड होते. मोजणाऱ्याच्या नजरेवर त्याचा परिणाम होऊ शकतो, हा या रचनेचा कमकुवत दुवा. पण तो लपवलेला नाही, लेखाच्या शीर्षकातच आहे. सहा महिन्यांवरील बालकेही चाचणीत घेता येत होती. त्यांच्यासाठी होकार द्यायचा तो आईबापांनी. त्या होकारामागे निदान एवढी खात्री होती, की चिठ्ठी कोणतीही निघो, मूल औषधावाचून राहणार नाही.

ही खात्री गृहीत धरता येत नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. 2009 मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. 1,31,746 स्त्रियांचे चार गट होते. त्यांतील एका गटाची, 31,488 जणींची, तपासणी झाली नाही. ती कुठे करून घेता येईल, एवढी माहिती त्यांना दिली होती. त्यांतल्या 64 जणी या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही तपासणी झालेल्या 34,126 जणींच्या गटात 34. पुढे या रचनेवर कडक टीका झाली. या भागात एरवीही अशी तपासणी होत नव्हती, म्हणून कोणाकडून काही काढून घेतलेले नाही, असे तिचे समर्थन करण्यात आले. मला ते पटत नाही. साठीच्या-सत्तरीच्या दशकांत श्रीमंत देशांतल्या स्त्रियांना जी तपासणी मिळू लागली होती, ती उस्मानाबादच्या गावात ‘एरवी होत नाही’ हे कारण नव्हे, तोच तर आजार.