क्षमेची कथा आणि कुंकळ्ळी

ओढवलेलें मरण आणि स्वेच्छेनें पत्करलेलें मरण यांत महदंतर आहे. पुढें काय वाढून ठेवलें आहे हें जाणूनहि येशू ख्रिस्त यरुशलेमेस गेला. गेथशेमानेच्या बागेंत त्याचा जीव व्याकुळ झाला, पण निश्चय ढळला नाहीं. पाप्यांच्या क्षमेसाठींच तो मरणास सामोरा गेला, आणि वधस्तंभावरूनहि मारेकऱ्यांसाठीं त्यानें क्षमाच मागितली.

ही कथा फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठी ओवींत गाइली. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांतील साष्टी प्रांतांत, राचोल येथें छापलें गेलें. याच साष्टींत, देवळें पाडल्यामुळें संतापलेल्या कुंकळ्ळीच्या लोकांनीं १५८३ सालीं पांच जेझुइटांना ठार केलें होतें. त्यांचीं प्रेतें परत मिळविण्यासाठीं स्टीफन्स स्वतः झटला होता. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांना बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि विश्वासघातानें मारलें. क्षमामूर्तीच्या नांवानें राज्य करणारांनीं घेतलेला हा सूड!

मरणें कठीण खरेंच; मारणाऱ्यास क्षमा करून मरणें त्याहून कठीण. ख्रिस्ताच्या निश्चयाची थोरवी पुराणांतील ओव्या सांगतातच. पण ती किती दुर्लभ होती, हें असोळण्याच्या किल्ल्यापाशीं कळतें.