लक्ष्मी विलासचं आवार कोण बघतं?

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण बडोदेकर त्यांना आधी लक्ष्मी विलास दाखवतो. दरबार हॉल, व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली मोझेकची जमीन, रंगीत काचा, दारात फोटो, की झालं! महालाभोवतीचं आवारही मुद्दाम घडवलेलं आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले. महालाचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. मँट १८८१ मध्ये वारला. पुढचं काम रॉबर्ट चिझमकडे गेलं आणि १८९० साली महाल पुरा झाला. बाग आखायला लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेला विल्यम गोल्डरिंग आणला. तेव्हाचा पाहुणा बग्गीतून यायचा आणि पोर्चखाली उतरायचा. त्याने काय बघायचं, हे यजमान ठरवायचे.

पुढे आवार बदलत गेलं. प्रतापसिंहरावांनी युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान केलं, १९९० च्या दशकात समरजितसिंहांनी ते नव्याने करून लोकांना खुलं केलं. राजघराण्यातल्या मुलांची आवारातली शाळा आता महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे बघावीत, कॅलेंडरवरची नव्हेत! त्या मुलांसाठी इवलीशी आगगाडीसुद्धा होती.

आणि नवलखी वाव! गायकवाड बडोद्यात येण्याच्या कितीतरी आधीची, सुलतानांच्या काळातली ही पायऱ्यांची विहीर याच आवारात आहे. नवलखी मैदानावरचा गरबा सगळ्यांना ठाऊक, पण ज्या वावेवरून मैदानाला नाव पडलं ती बघितलेले किती जण निघतील?

माझं म्हणणं एवढंच, की आज तिकीट काढून येणाऱ्याला बग्गीतल्या पाहुण्याची वाट कशाला? त्याची सुरुवात वावेपासून करावी. आधी पाणी, मग झाडांतून चालत म्युझियम, आणि महाल सगळ्यात शेवटी. गाड्या बाहेरच्या बाजूला थांबवाव्यात. आमच्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी बॅटरीची गाडी ठेवावी, मधे दोन-चार बाकडी टाकावीत. पाट्या गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत हव्यात. वाट मात्र गोल्फच्या मैदानापासून जरा लांबून काढा, नाहीतर पाहुण्यांना हेल्मेट द्यावं लागेल!