शीव, बांध आणि कागद

दोन शेतांमधील बांध कोणाचा व दोन गांवांमधील शीव कोठें, या तंट्यांचा निकाल आमच्याकडे तीन साधनांवर होत आला आहे: जमिनीवरील खुणा, शेजाऱ्यांची साक्ष आणि लेख. करमाळा व माढा तालुक्यांतील भीमाकाठच्या गांवांपुरतीं यांतील पहिलीं दोन साधनें उजनीच्या जलाशयानें बव्हंशीं हिरावून घेतलीं आहेत. म्हणून तिसऱ्याचा विचार येथें करीत आहों.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत सीमाविवादाचें स्वतंत्र प्रकरण आहे. उंचवटा, कोळसा, तूस, झाड, बांध, वारूळ, खळगा, हाडें या खुणा त्यांत सांगितल्या आहेत. कोळशाची योजना मार्मिक होय. पुरलेला कोळसा कुजत नाहीं. खुणा नसतील तेथें शेजारचे चार, आठ किंवा दहा पुरुष तांबडीं वस्त्रें व तांबड्या माळा घालून, मस्तकीं माती घेऊन शीव चालून दाखवीत. त्यानंतर तीन पंधरवड्यांत चालणारावर दैवी किंवा राजकीय आपत्ति आली, तर साक्ष खोटी ठरे. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें लिहिली.

मराठेशाहींत हेंच काम गोतसभेकडे आलें. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व आसपासच्या गांवचे लोक बसवून साक्षी घेत. प्रसंगीं दिव्यही होई. निवाड्याचा महजर लिहून त्यावर कुणब्याचा नांगर, बलुतेदारांचीं हत्यारें अशा निशाण्या घालीत. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष विशेष वजनाची मानीत. ज्याला गांवानें आपल्या वस्तीबाहेर ठेविलें, त्याच्याच शब्दावर गांवाची हद्द ठरावी, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये.

मापाचीही परंपरा होती. सभासदाच्या बखरींत पांच हात पांच मुठींची काठी सांगितली आहे; वीस काठ्यांच्या चौरसाचा बिघा व एकशें वीस बिघ्यांचा चावर होई. इंग्रजी अमलांत प्रिंगलची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ सालीं नव्या पाहणीचा आरंभ केला, तो करमाळ्यासमोर भीमेपलीकडील इंदापूर तालुक्यांत. हाताच्या जागीं तेहेतीस फुटांची सांखळी आली. तिच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शेताला नंबर मिळाला, हद्दीवर दगड बसले व मापें टिपणांत उतरलीं. हद्दीच्या निशाण्या जपण्याचा भार जमीनधारकावर आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतही तो कायम आहे.

उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें. गांवें उठलीं, साक्षीदार पांगले, दगड गाळाखालीं गेले. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे इंदापूरकडील पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें. उघड्या पडलेल्या गाळांत पेरणी होते. परंतु ती भूमि संपादिलेली असल्यानें जुना बांध दिसला तरी जुनी मालकी परत येत नाहीं. ज्याचें अर्धें शेत संपादिलें गेलें, त्याचा एका बाजूचा शेजारी आतां सरकार होय. त्या हद्दीचा तंटा पडल्यास शीव चालून दाखविणारा कोणीं आणावा? संपादनाचे नकाशे, टिपण व मोजणी यांवरच निर्णय अवलंबून राहतो.

पण टिपण मापें सांगतें, शीव तेथें कां व कोणाच्या शब्दानें ठरली हें सांगत नाहीं. तें महजर सांगतो. म्हणून भीमाकाठच्या घराण्यांचीं दप्तरें पाहणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, शिवेचा कागद वतनाच्या कागदांहून हलका मानूं नये. तो कोणत्या गांवच्या दप्तरांतला तें नोंदावें. पाठीवरील शेरे व निशाण्यांसह त्याची नक्कल करावी. त्यांतील ओढा, टेकाड, वड, म्हसोबा हीं नांवें जुन्या गांवनकाशावर ताडून पाहावीं. विस्थापितांबरोबर हे कागद नव्या वसाहतींत गेले आहेत. ज्या शिवेचा आतां दगड नाहीं व साक्षीदारही नाहीं, तिची एवढीच साक्ष उरली आहे.