महाराजाची पिशवी : विमानातील भेटवस्तूंचा इतिहास आणि त्यातून उरणारा प्रश्न

१/ एअर इंडियाचा महाराजा प्रथम कोठे अवतरला? मोठ्या जाहिरातफलकावर नव्हे. १९४६ मध्ये विमानातील प्रवाशांसाठी छापलेल्या टिपणवहीवर त्याचे पहिले दर्शन घडले. भारतीय विमानसेवेचे सर्वांत प्रसिद्ध बोधचिन्ह मुळात प्रवाशाच्या हाती विनामूल्य पडणाऱ्या एका किरकोळ वस्तूसाठी रेखाटले गेले होते. आजचा थ्रेड अशाच किरकोळ वस्तूंविषयी. 🧵

२/ लांब पल्ल्याच्या विमानात फर्स्ट किंवा बिझनेस क्लासच्या प्रवाशाला एक लहानशी पिशवी मिळते. मोजे, डोळ्यांवरची पट्टी, कानांत घालायचे बोळे, टूथब्रश, पेस्टची चिमुकली ट्यूब, ओठांना लावायचे मलम. हिचे नाव अ‍ॅमेनिटी किट. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिला एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू जपण्यासाठी घडवली आहे की टाकून देण्यासाठी? गेल्या सुमारे ९० वर्षांत याचे उत्तर पालटत गेले आहे.

३/ आरंभ गरजेतून झाला. १९३० मध्ये अमेरिकेत एलन चर्च ही परिचारिका जगातील पहिली हवाई सेविका झाली. त्या काळच्या विमानांत इंजिनाची घरघर असह्य असे आणि उंची बदलताच कानांत दडे बसत. म्हणून प्रवाशांना दोन गोष्टी दिल्या जात : कानांसाठी कापूस आणि चघळण्यासाठी च्युइंगम. आजच्या किटमधील कानाचे बोळे हे त्या कापसाचेच वंशज होत.

४/ आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात प्रवासी नव्हताच. होती ती सुमारे २५ किलो टपाल. लहान विमानाला प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो, हा धडा तेथपासूनचा. पुढे विमाने मोठी झाली. हिशेब मात्र संपला नाही. तो फक्त प्रवाशाच्या नजरेआड गेला.

५/ जुलै १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर इंडियामध्ये झाले. त्याच वर्षी कंपनीचे वाणिज्य व्यवस्थापक बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी महाराजा घडवला. पीळदार मिशा, डोक्यावर पगडी, किंचित झुकून केलेले स्वागत. नव्या कंपनीला आपण प्रवाशाचे यजमान आहोत, असे सांगायचे होते. तसे सांगण्यासाठी तिने निवडलेली पहिली जागा म्हणजे प्रवासात पत्र लिहिण्यासाठी दिलेला कागद.

६/ ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनेव्हामार्गे लंडनला निघाले. भारताची ही पहिली आंतरराष्ट्रीय विमानसेवा. प्रवासी अवघे ३५. इतक्या मोजक्या माणसांचे आदरातिथ्य घरच्या पाहुण्यासारखे करता येते. त्या प्रवासातील वस्तू प्रवाशांनी स्मृतिचिन्ह म्हणून जपल्या, कारण तो प्रवासच आयुष्यात एकदा घडणारा होता.

७/ परंतु भेटवस्तूंमागे निव्वळ अगत्य नव्हते. त्यात अर्थकारणही होते. त्या काळी आंतरराष्ट्रीय विमानभाडी आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना ठरवीत असे आणि सरकारे त्यांना मान्यता देत. म्हणजे मुंबई–लंडनचे तिकीट कोणत्याही कंपनीचे घेतले, तरी दर जवळपास तोच. भाडे कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नाही, तर ओढायचे कशाने? जेवणाने, पेयाने आणि हाती ठेवलेल्या भेटीने.

८/ ही स्पर्धा कोणत्या थराला गेली, याचा नमुना म्हणजे १९५८ चे ‘सँडविच युद्ध’. अटलांटिकवर नुकत्याच सुरू झालेल्या स्वस्त इकॉनॉमी क्लासमध्ये फक्त साधी, थंड सँडविच द्यावीत, असे ठरले होते. स्कँडिनेव्हियाच्या एसएएससह काही युरोपीय कंपन्यांनी सँडविचच्या नावाखाली जवळजवळ पूर्ण जेवणच वाढले. अमेरिकी कंपन्यांनी तक्रार केली, एसएएसला दंड झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी आयाटाचे अध्यक्षपद जे. आर. डी. टाटांकडे आले.

९/ याच वातावरणातून जपण्याजोग्या वस्तू जन्मल्या. डच कंपनी केएलएम १९५२ पासून आपल्या वरच्या वर्गातील प्रवाशांना निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट चिनी मातीचे इवलेसे घर देते. आत जिनेव्हर हे डच मद्य. भेटवस्तूंच्या मूल्यावर बंधने होती, तेव्हा ‘ही भेट नव्हे, पेयाचे भांडे आहे’ अशी पळवाट काढल्याचे सांगतात. दर वर्षी ७ ऑक्टोबरला, कंपनीच्या वर्धापनदिनी, एका नव्या घराची भर पडते. जगभर लोक ती जमवतात. कचराकुंडीत ते घर क्वचितच जात असेल.

१०/ एअर इंडियाने १९६७ मध्ये याहून धाडसी पाऊल टाकले. विख्यात अतियथार्थवादी चित्रकार साल्वादोर दाली यांच्याकडून तिने फर्स्ट क्लासच्या निवडक प्रवाशांसाठी चिनी मातीची रक्षापात्रे घडवून घेतली. शिंपल्यासारखे पात्र, भोवती सर्प, आधाराला हत्ती आणि हंस. गंमत अशी, की हत्तीचे मस्तक उलटे धरले तर हंस दिसावा आणि हंस उलटा केला तर हत्ती. संख्या सुमारे ५००.

११/ दाली यांनी मोबदला मागितला तो हत्तीचे पिल्लू! एअर इंडियाने बेंगळुरूहून एक पिल्लू विमानाने जिनेव्हाला नेले आणि तेथून रस्त्याने स्पेनमधील कादाकेस या गावी पोहोचवले. ही कथा आज कौतुकाने सांगितली जाते. पण काही रक्षापात्रांच्या बदल्यात एक जिवंत प्राणी आपल्या कळपापासून आणि देशापासून तुटला, हेही त्याच कथेत आहे. तेव्हा ‘जुने ते सारे पर्यावरणस्नेही’ असा सोयीचा निष्कर्ष कोणी काढू नये.

१२/ १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ मुंबईत उतरले. नाव ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेली. जाहिरातीत त्याला आकाशातील राजवाडा म्हटले गेले. मात्र या राजवाड्याने एक गोष्ट मुळापासून बदलली. एका विमानात आता तीनशेहून अधिक माणसे बसू शकत होती. १९४८ च्या ३५ पाहुण्यांचे आदरातिथ्य येथून पुढे घाऊक होणार होते.

१३/ आम्हा गास-सोपाऱ्याकडच्या मंडळींना अशोकाचे नाव ऐकले की विमानाआधी शिलालेख आठवतो. त्याच्या आठव्या आदेशाचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यात सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावात. १८८२ मध्येच पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग पाषाणाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते काय? मातीच्या भांड्याचे काही तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले.

१४/ येथे तुलना श्रद्धेची नाही, वस्तूच्या रचनेची आहे. सोपाऱ्याच्या करंडकात आवरण मौल्यवान होते, ते आतल्या मातीच्या मोलापायी. आजच्या किटमध्ये क्रम उलटला आहे. नामांकित फॅशन कंपनीचे नाव कोरलेली पिशवी हेच मुख्य आकर्षण. आतला ब्रश एकदा वापरायचा आणि टाकायचा. हा उलटा क्रम आला कधी?

१५/ निर्णायक वळण १९७८ च्या सुमारास आले. अमेरिकेने ऑक्टोबर १९७८ मध्ये हवाई वाहतुकीवरील दरनियंत्रण उठवण्याचा कायदा केला. भाडी मोकळी होऊ लागली. पूर्ण दर भरणाऱ्या व्यावसायिक प्रवाशाला स्वस्त तिकीटवाल्यांपासून वेगळे बसवण्यासाठी, त्याच काही वर्षांत, बिझनेस क्लास हा नवा वर्ग निघाला. फर्स्ट क्लासचे मोजके प्रवासी आणि बिझनेसचे डझनावारी प्रवासी यांना एकच भेट परवडणे शक्य नव्हते. कारखान्यातून निघणारी, हलकी, प्लॅस्टिकवर आधारलेली पिशवी हे त्याचे उत्तर ठरले.

१६/ सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनाही संधी दिसली. कित्येक तास एका जागी बसलेला सधन ग्राहक आणि त्याच्या हातात आपल्या मलमाची नमुना-ट्यूब! किट हे जाहिरातीचे माध्यम झाले. गरजेची वस्तू प्रथम भेट झाली आणि भेटीची पुढे जाहिरात झाली. वस्तूचा इतिहास या तीन टप्प्यांत मांडला, की तिचा कचरा का वाढला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१७/ मे २०२० मध्ये देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा भारतात इकॉनॉमीच्या प्रवाशालाही किट मिळाले : मुखपट्टी, चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल, सॅनिटायझरच्या पुड्या, मधल्या आसनावरच्या प्रवाशासाठी अंगभर झगासुद्धा. १९३० च्या कापसासारखी ही पुन्हा निव्वळ गरजेची वस्तू होती. पण आता ती पूर्णतः एकदाच वापरण्याची होती.

१८/ कचऱ्याचे प्रमाण किती? विमानांच्या केबिनमधून २०१६ या एका वर्षात ५० लाख टनांहून अधिक कचरा निघाला, असा आयाटाचा अंदाज होता. त्यात मोठा वाटा खाद्यपेयांचा. किट हा त्यातील लहान भाग. अडचण अशी, की प्राण्यांचे रोग पसरू नयेत म्हणून अनेक देश परदेशी विमानांतील अन्नकचरा जाळण्याचा किंवा खोल पुरण्याचा नियम पाळतात. युरोपीय संघाचा नियम असाच आहे. अन्नात मिसळलेला ब्रश आणि पिशवी मग वेगळी निघत नाही.

१९/ आता वजनाचा हिशेब करू. समजा, बिझनेसची ४० आसने आणि प्रत्येकी ३०० ग्रॅमचे किट : एकूण १२ किलो. ढोबळ नियम असा, की वाहून नेलेल्या वजनाच्या ३ ते ४ टक्के इंधन दर तासाला जास्तीचे जळते. दहा तासांत सुमारे ४ किलो इंधन, म्हणजे १२-१३ किलो कार्बन डायऑक्साइड. त्याच प्रवासात मोठे विमान ४० टनांहून अधिक इंधन जाळते. या आकड्यांपुढे किट म्हणजे दर्यात खसखस.

२०/ म्हणूनच एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. प्रश्न पिशवीपेक्षा आसनाचा मोठा आहे. बिझनेसचे आसन अधिक जागा व्यापते, म्हणून त्या प्रवाशाच्या वाट्याला उत्सर्जनही अधिक येते. ब्रिटिश सरकारच्या गणनेत लांब पल्ल्यासाठी हे प्रमाण इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट धरले जाते. अशा आसनावर बांबूचा टूथब्रश ठेवून ‘हरित प्रवास’ म्हणणे, हे झाकण बदलून भांडे तेच ठेवण्यासारखे आहे.

२१/ तरीही लहान सुधारणांना तुच्छ लेखू नये. काही कंपन्या किट मागितल्यावरच देतात. एमिरेट्स जुन्या प्लॅस्टिक बाटल्यांपासून पांघरुणे बनवून घेते. भारतात १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिक काडीच्या कानकोरण्यांसह अनेक एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. मात्र प्लॅस्टिकऐवजी क्राफ्ट कागद आणि नायलॉनऐवजी बांबू एवढाच बदल झाला, तर नको असलेली वस्तू नकोशीच राहते. इतिहासाची कसोटी निराळी आहे : ती मागितली होती का? आणि घरी नेऊन ती किती वर्षे वापरली गेली?

२२/ या कसोटीवर १९३० चा कापूस उतरतो, कारण तो गरजेचा होता. डेल्फ्टचे घर उतरते, कारण ते जपले जाते. दालींचे रक्षापात्र टिकले, पण त्यापायी एका हत्तीला देश सोडावा लागला. आणि न मागता दिलेली, न उघडता विसरलेली पिशवी दोन्ही प्रश्नांत नापास होते, मग ती कशाचीही बनलेली असो. मागेल त्याला द्यावे आणि द्यायचे ते टिकाऊ द्यावे, या दोन गोष्टींत बरेचसे उत्तर आहे.

२३/ शेवटी दस्तऐवजांविषयी. एअर इंडियाने १९५६ पासून जमवलेला चित्रसंग्रह २०२३ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला, हे उत्तम झाले. परंतु मेनूकार्डे, पत्त्यांचे जोड, काडेपेट्या, सामानाची लेबले, पिशव्या हे रोजच्या वापराचे साहित्य बहुतांशी घराघरांत विखुरले आहे. वसई पट्ट्यातून, सांताक्रूझ-सहारच्या आसपासच्या वस्त्यांतून, विमानतळावर किंवा परदेशी नोकरी केलेली माणसे अनेक. माळ्यावरच्या ट्रंकेत महाराजा झोपलेला असू शकतो.

२४/ तेव्हा आजी-आजोबांच्या, मावशी-काकांच्या जुन्या सामानात अशी वस्तू मिळाली, तर लगेच साफसफाईत काढू नका. तिचे छायाचित्र घ्या. कोणत्या वर्षीची, कोणत्या मार्गावरची, कोणी दिली, घरात पुढे कशासाठी वापरली, हे त्यांनाच विचारून लिहून ठेवा. शिवणाच्या सुया ठेवायला वापरलेली विमानातली पिशवी हा टिकाऊपणाचा अस्सल पुरावा आहे. तुमच्या घरी काय सापडले, ते या थ्रेडखाली जरूर सांगा. 🙏